आडवी काठी

निरवांगी, ता. इंदापूर
२२ नोव्हेंबर

दानिश,

सलाम, दुआ, इकडची खुशाली वगैरे सगळं तू समजून घे. फोन उचलत नाहीस म्हणून कागद काढलाय. लग्न झाल्यावर माहेरी पत्रं लिहायचे, त्यानंतर आज. अक्षराला हसू नकोस.

नोरबूचा फोन आला होता. तू आणि राम ट्रेकची मंडळी घेऊन पहाडात गेलात की ज्याच्या घरी उतरता तोच. त्याची हिंदी मला निम्मी कळते, माझी त्याला तेवढीही कळत नाही, तरी आमचं बरं जमतं. तो म्हणाला, खिंड बंद झाली, आता रस्त्यानं वर कोणी येत नाही आणि खाली कोणी जात नाही, टपाल हेलिकॉप्टरनं येईल तेव्हा येईल. तू त्याच्याच घरात आहेस, थोडंफार जेवतोस, बोलत नाहीस, आणि फोन बंद करून पेटीत टाकलायस. बारामतीची सगळी मंडळी तू गाडीत बसवून दिलीस आणि स्वतः मागं राहिलास. राम सापडल्याशिवाय येणार नाही म्हणालास म्हणे. अरे, शोधायला आलेली माणसंसुद्धा नवा बर्फ पडला म्हणून परत गेली. आता तो वितळणार उन्हाळ्यात. तोवर तू तिथं काय करणार आहेस, हे मला कोणी सांगत नाही.

तुझ्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे. त्या दिवशी मी फोनवर जे बोलले ते तू धरून बसलायस. मग तो दिवस माझ्या बाजूनं कसा होता तेही ऐक.

भाऊबीज होऊन गेली होती. बानूबाई आपल्या ओसरीवर बसली होती. तिच्या रामच्या लग्नाची रजई आम्ही अंथरली होती, एका कडेनं मी टाके घालत होते, दुसऱ्या कडेनं ती. वरचं लाल कापड तिनं स्वतः इंदापूरच्या बाजारात चार दुकानं पालथी घालून आणलेलं. अब्बांनी कापूस असा पिंजून दिला होता की फुंकर मारली तर उडेल. सून घरात यायच्या आधीच आम्ही दोघी तिची थट्टा करून घेत होतो. तेवढ्यात फोन वाजला आणि तू म्हणालास, "अम्मी, बर्फ सरकला. राम गेला."

आणि माझ्या तोंडून निघालं, "तू आहेस ना? अल्लाचं शुकर."

तू फोन ठेवलास. बानूबाईनं दातानं दोरा तोडला आणि हसत विचारलं, "पोरं सुखरूप पोचली व्हय?"

शुकर ऐकलं होतं ना तिनं. तिला वाटलं, सगळं चांगलंच आहे. त्यानंतर मी तिला कसं सांगितलं ते मी लिहिणार नाही.

दानिश, मी तो शब्द परत घेणार नाही. तू हजार वर्षं तोंड फिरवून बसलास तरी नाही. पोटचा पोरगा जिवंत आहे म्हटल्यावर जीभ माझ्या ताब्यात नव्हती, आणि पुन्हा तशीच वेळ आली तर पुन्हा तेच म्हणेन. त्याची शिक्षा तुला द्यायची असली तर मला दे, तिथं त्या थंडीत बसून स्वतःला देऊ नकोस.

बर्फाचं तू मागच्या वर्षी मला समजावलं होतंस, ते विसरले नाही. ऑक्टोबरात पहिला बर्फ पडतो तो पातळ. मग आभाळ उघडतं, थंडी कडक पडते आणि तो पातळ थर आतून सुटा होतो, दाणा दाणा. मूठ वळली तरी गोळा होत नाही. यंदा दिवाळीच्या आधी तू त्याचा फोटोही पाठवलास, हातमोज्यातून ओघळणारे दाणे, आणि खाली रामनं लिहिलं होतं, "मावशी, इंदापूरची साखर हितवर आलीया, चहा टाका." त्यावर वाऱ्यानं नवा जड थर आणून टाकला की तो नुसता ठेवलेला असतो, धरलेला नसतो. टाके न घातलेली गादी, असं तू म्हणाला होतास. तशी गादी उचलली की कापूस एका अंगाला घसरतो, हे मला कोणी शिकवायला नको. लोकांना वाटतं, हंगामाच्या सुरुवातीला बर्फ थोडा म्हणून धोका थोडा. तूच म्हणायचास, थोडा असतो म्हणूनच तो आतून कच्चा राहतो. एवढं ठाऊक असून गेलात कशाला, हे मला विचारायचं होतं. विचारते आहे.

अब्बा बरे आहेत. थंडी पडली की सगळ्या तालुक्याला एकदमच गाद्या पिंजायची आठवण होते, त्यामुळे दुकानात बसायला जागा नाही. बानूबाईची काळजी करू नकोस. ती रोज येते, माझ्याजवळ बसते. आम्ही दोघी ठीक आहोत.

कानटोपी घाल.

तुझी अम्मी


निरवांगी
१५ डिसेंबर

दानिश,

तुझा निरोप मिळाला. नोरबू बिचारा तीनदा घसा साफ करून बोलला, "दानिश बोलता है, अम्मी को बोलो, मैं खड़ा था. बस."

महिन्याभराची वाट बघून आईला एवढंच? बोलायला तू आधीपासूनच कंजूस, पण ही हद्द झाली.

उभा होतास म्हणजे काय ते आता सगळ्या गावाला माहीत झालंय. तुझा निरोप यायच्या आधीच ते निरवांगीत पोचलं होतं. तुमच्या गटातला तो बारामतीचा अविराज, ज्याची बहीण वाचली तो, त्यानं परत आल्यावर सांगितलं की बहीण उतरणीच्या मध्ये अडकली, राम एकटा तिला आणायला गेला, आणि तू पलीकडे उभा राहिलास. उभा राहिलास ते राहिलास, त्यालाही जाऊ दिलं नाहीस, धरून ठेवलंस. दोस्त मरत होता आणि हा बघत होता, असं तो म्हणतो. आता डेअरीवर दूध घालायला गेले की बायका बोलायच्या थांबतात आणि माझ्या किटलीकडे बघतात.

मी कोणाला काही म्हणाले नाही. पण माझा विश्वास नाही. तू उभा राहणारा मुलगा नाहीस. तुला आठवतं का, सुट्टीत तुम्ही दोघं बिरदेवतात्यांच्या, रामच्या वडलांच्या, मेंढरांमागं जायचात? हायवे ओलांडायचा असला की तात्या रस्त्याच्या मध्ये जाऊन दोन्ही हातांनी काठी आडवी धरायचे. काठी आडवी म्हणजे सगळ्यांनी जागेवर थांबायचं, मेंढरांनी, कुत्र्यांनी आणि पोरांनी. पुढं जे काही असेल ते काठी धरणारा बघून घेईल. मग काठी उभी टेकवली की चला. एकदा एक कोकरू निसटलं आणि काठी आडवी असताना तू त्याच्या मागं पळालास. सोलापूरच्या बाजूनं ट्रक येत होता. तात्यांनी तुला कोकरासकट ओढून काढलं आणि अशी एक ठेवून दिली की तुझा गाल संध्याकाळपर्यंत लाल होता. घरी येऊन तू मला म्हणालास, कोकरू मेलं असतं ना मग! असा तू. तो पोरगा रामला सोडून उभा राहील? काय झालं ते खरं लिही. मला सांगायचं नसलं तर बानूबाईला सांग.

आता खरं लिहायचं म्हणते आहे तर मीही लिहिते. मागच्या पत्रात बानूबाई रोज येते म्हणाले, ते खोटं होतं. त्या दिवसापासून तिनं आपल्या ओसरीवर पाय ठेवलेला नाही. दोन वेळा मी गेले. पाणी दिलं, बस म्हणाली, पण माझ्याकडे बघितलं नाही. लेकरू तिचं गेलं, आणि त्याची बातमी तिला माझ्या शुकरमधून कळली. मी तिच्या जागी असते तर पाणीसुद्धा दिलं नसतं.

भावकीतले लोक म्हणतात, देह मिळत नाही तर पिठाचा पुतळा करून विधी उरकून घ्या, किती दिवस असं ठेवणार. ती ऐकत नाही. सगळ्यांसमोर म्हणाली, "ज्यानं बघितलं त्यानं माज्या म्होरं येऊन सांगावं. तवर माजा राम हाय." त्यामुळे तिच्या घरात अजून कोणी मोठ्यानं रडलेलंही नाही. रोज त्याचं ताट वाढते आणि मग ते कुत्र्याला घालते. लोणी भापकरच्या पाहुण्यांनी रामला ठरलेल्या मुलीचं दुसरीकडे बघायला घेतलंय. त्यांचंही काही चुकलं नाही.

तात्या मात्र बाजाराच्या दिवशी अब्बांच्या दुकानात येतात. दोघं चहा पितात. मग तात्या फेटा नीट करतात आणि उठून जातात.

अम्मी


निरवांगी
११ जानेवारी

दानिश,

आज सलाम नाही आणि खुशालीही नाही.

नोरबूनं सांगितलं. ऊन पडलं की तू लांब सळई घेऊन त्या उतरणीवर जातोस आणि जागोजागी खुपसत बसतोस. वर आणखी पुरुषभर बर्फ पडलाय, आणि खाली ऑक्टोबरचा तो सुटा थर तसाच आहे, हे तूच त्याला सांगितलंस. सांगतोस आणि जातोस. त्यानं अडवलं तर ऐकत नाहीस. त्याची म्हातारी आई रोज तुझ्या नावानं दिवा लावते म्हणे. परक्या बाईला तुझी काळजी आहे.

अरे, गाद्या शिवणाऱ्याच्या घरात जन्मलास. खालचा थर सुटा असला तर वरून कितीही कापूस घाल, तो बांधला जातो का? आणखी जड होतो फक्त. तुला हे माझ्यापेक्षा चांगलं कळतं, म्हणूनच मला भीती वाटते. माहीत नसलेला माणूस चुकून जातो. तू माहीत असून जातोस.

तुला मरायचंय का? विचारायला नको होतं, पण विचारलं. आता फिरवत नाही.

अब्बांनी बॅग भरली होती. तुझा स्वेटर, खारकांची पुडी, त्यांची ती मोठी बॅटरी. खिंड उघडत नाही असं कळलं तरी बॅग रिकामी केलेली नाही. दाराजवळ ठेवली आहे आणि येता-जाता त्यांचा पाय तिला लागतो. मी उचलून ठेवते, ते पुन्हा तिथंच आणून ठेवतात. काल जेवताना एकदम म्हणाले, दोन घरांत मिळून एक तरी पोरगा ठेव रे. मला वाटलं माझ्याशी बोलतायत. पण ते वर बघत होते.

उतरणीवर जाऊ नकोस. आईची शपथ वगैरे मी घालत नाही, त्या तू लहानपणापासून मोडत आलायस. फक्त जाऊ नकोस.

अम्मी


निरवांगी
६ फेब्रुवारी

दानिश,

आज हे पत्र नीट बसून वाच. उभ्यानं वाचू नकोस.

काल दुपारी बानूबाई आपल्या दारात उभी होती. मी कापूस निवडत होते. वर बघितलं आणि हातातला कापूस खाली पडला. तिच्या मागं कुबडी घेतलेली एक मुलगी होती, घामानं डबडबलेली. बारामतीहून एसटीनं इंदापूर, तिथून मिळेल त्या गाडीनं निरवांगी, असं एकटीनं करत आली होती. ती अविराजची बहीण, उत्कर्षा. तिचा पाय दोन ठिकाणी मोडला होता, म्हणून इतके दिवस घरातून हलता आलं नाही. आधी ती बानूबाईच्या घरी गेली. बोलायला तोंड उघडलं तर बानूबाई तिला म्हणाली, "हितं नगं. सुरैय्याच्या म्होरं सांग." आणि घेऊन आली.

मी पाणी दिलं. मुलगी घोटभर प्यायली आणि सांगायला लागली. तू मला जे सांगितलं नाहीस ते सगळं मला एका परक्या मुलीकडून कळलं, याचा राग मी नंतर धरणार आहे.

ती म्हणाली, तुम्ही दोघांनी सकाळी खड्डा खणून बर्फ बघितला होता. थर वाईट आहे म्हणून खिंडीकडे जायचं रद्दच केलं होतं. कोणीकोणी कुरकुरलं, एवढ्या लांब आलो, बर्फ तर गुडघाभरही नाही. म्हणून खालच्या कुरणापर्यंत न्यायचं ठरलं. वाटेत ती उतरण. आपल्या कालव्याच्या भरावापेक्षा थोडी उंच, एवढीशी. तरी तू सांगितलंस, एकेकानंच जायचं, पहिला पोचल्याशिवाय दुसऱ्यानं पाय टाकायचा नाही. तू पहिला गेलास. मग एकेक करून बाकीचे. ती शेवटून दुसरी, आणि सगळ्यांच्या मागं राम.

ती मध्यावर पोचली आणि पायाखालून धप्प असा आवाज आला. बर्फ आतल्या आत बसल्याचा. ती इतकी घाबरली की खालीच बसली. उठताच येईना. पलीकडून अविराज तिच्याकडे धावत सुटला, त्याच्या मागं बाकीचे. तूही निघाला होतास.

आणि अलीकडून रामनं डोक्यावर काठी आडवी धरली.

तू थांबलास. अविराजला कवेत घट्ट धरलंस, बाकीच्यांना ओरडून मागं ढकललंस. त्यानं तुझ्या तोंडावर बुक्क्या मारल्या तरी सोडलं नाहीस. राम सावकाश तिच्याजवळ गेला. "ताई, बसायला जागा लई झकास शोधली तुमी," असं म्हणून हसला, तिला उठवलं आणि पुढच्या खडकाकडे लोटलं. ती खडकाला टेकली, आणि वरचा सगळा बर्फ आडवा चिरत गेला. कडेच्या लोटानं तिचा पाय खडकावर चेचला. राम मध्येच होता.

"आम्ही सगळे मध्ये गेलो असतो तर कोणीच राहिलं नसतं," ती म्हणाली. "माझ्या दादाला हे कळतं. पण तो मान्य करत नाही, कारण मग त्याला रडावं लागेल."

बानूबाई इतका वेळ जमिनीकडे बघत होती. तिनं विचारलं, "काठी कशी धरली हुती?"

मुलीला प्रश्न कळला नाही. बानूबाई उठली, कोपऱ्यातली माझी कापूस झोडायची काठी घेतली आणि तिच्या हातात दिली. "दाव."

उत्कर्षानं कुबडी भिंतीला टेकवली आणि काठी दोन्ही हातांनी डोक्यावर धरली. आडवी. बानूबाई तिच्याकडे बघत राहिली.

"आनि मग खाली घेतली?"

"नाही. मला एका हातानं उठवलं. दुसऱ्या हातात काठी तशीच होती, दानिशदादाकडे धरलेली. शेवटपर्यंत."

"मग थांबायचंच असतंय," बानूबाई म्हणाली. "पोरांनी बराबर केलं. दोघांनी बी."

आणि ती रडली. नोव्हेंबरपासून पहिल्यांदा रडली, माझ्या मांडीवर डोकं ठेवून, आवाज काढून, गल्लीतली माणसं दारात जमेपर्यंत. तो रामचा दिवस होता, दानिश. त्याचा खरा दिवस काल झाला. मला तिच्या पाठीवर हात ठेवायचा होता आणि तो ठेवता येत नव्हता, कारण माझी कूस रिकामी झालेली नव्हती, तिची झाली होती. शेवटी ठेवला.

तिन्हीसांजेच्या आधी तिनं तोंड धुतलं आणि मला म्हणाली, रजई आण. मी ती तशीच घडी करून ठेवली होती, तिच्या ओळीत तिची सुई अडकवलेली. सुई गंजली होती. मी दुसरी दिली. तिनं जिथं सोडलं होतं तिथूनच टाका धरला. मी माझ्या कडेला बसले. उत्कर्षा आम्हाला दोरा ओवून देत होती. कोणासाठी शिवतोय, असं तिनं विचारलं नाही. हुशार मुलगी आहे.

आता पुढचं बानूबाई सांगते आहे. मी फक्त लिहिते, एक शब्द माझा नाही.

"दानिश, लेका, मी बानूमावशी. तू थांबलास ते मी ऐकलं. लहानपनी तुला तात्यानं हायवेला मुस्काडीत मारली हुती, ती मीच मार म्हनलं हुतं. काठी आडवी असली की पाय हलवायचा न्हाय, ही आमची रीत. रामला ती दुधासंगं पाजली, तुला मारून शिकवली. तू ती पाळलीस, आनि सात जनांतली सहा वाचली. रामनं त्येच्यासाठीच धरली हुती काठी. तू पळत गेला असतास तर माज्या रामचं मरान फुकट गेलं असतं.

"आता मी हितनं काठी आडवी धरलीया. त्या उतरनीवर जायाचं न्हाय. तो एकला हाय म्हनून तू तितं बसलायस, ते मला कळतंय. बस. पन त्येच्यावर चालू नगंस. त्येला वजं व्हत आसंल. बर्फ इतळल तवा तो आपसूक वर यील. मग मी काठी उभी करीन, तवा ये."

एवढंच. खाली अंगठा तिनं हट्टानं उठवलाय. सही येते तिला, पण म्हणाली, अंगठ्याचं त्याला पटकन कळंल.

अम्मी


निरवांगी
२१ जून, दुपार

दानिश,

तू पलीकडच्या खोलीत झोपला आहेस आणि मी बानूबाईच्या ओसरीवर बसून तुला पत्र लिहिते आहे. वेडेपणाच आहे. पण तू उठलास की मी चहा हवा का, आंघोळीला पाणी काढू का, एवढंच विचारीन, हे मला ठाऊक आहे. म्हणून लिहून तुझ्या पिशवीत घालते.

फेब्रुवारीनंतर तू उतरणीवर गेला नाहीस, हे नोरबू दर खेपेला सांगायचा. खालच्या खडकावर बसून असायचास. मला तेवढं पुरे होतं. खिंड उघडली आणि अब्बा व तात्या निघाले, ती दाराजवळची बॅग घेऊनच. स्वेटरची घडी अजून जानेवारीतलीच होती. मग तुमचा फोन आला, राम सापडला म्हणून. अब्बांनी सांगितलं की खडकापासून फार लांब नव्हता. तात्यांनी त्याला वरच अग्नी दिला. तू आणि नोरबूनं लाकडं वाहिली. त्या पलीकडे मी कोणाला काही विचारलेलं नाही.

आज सकाळी तुम्ही इंदापूरच्या स्टँडवर उतरलात तेव्हा तुला मी ओळखलं नाही. गाल बसलेले, कातडी करपलेली, आणि चालत होतास तू जमीन चाचपत, जणू प्रत्येक ठिकाणी खाली काहीतरी आहे. तात्यांच्या छातीशी फडक्यात बांधलेला कलश होता. तुझ्या हातात रामची काठी.

गावात आलो. तात्या आत गेले, अब्बा गेले. तू बानूबाईच्या कुंपणाबाहेर थांबलास. मी म्हटलं, चल. तू मान हलवली नाहीस. तात्यांनी हाक मारली, तरी नाही. अख्खी गल्ली बघत होती. पुन्हा तू उभा होतास आणि लोक बघत होते, आणि मला वाटलं, आता हा इथूनच परत जाणार.

बानूबाई बाहेर आली. तुझ्यासमोर आली आणि तुझ्या हातातून काठी काढून घेतली. ती तिनं वरपासून खालपर्यंत चाचपली, जिथं रामनं चाकूनं खुणा केल्या होत्या तिथं अंगठा फिरवला. मग दोन्ही हातांनी जमिनीवर उभी टेकवली.

"चल," ती म्हणाली. "मोकळं हाय आता."

तेव्हा तू पाय उचललास.

तू तिच्या पायाशी बसून काय सांगितलंस ते मी ऐकलं नाही. मी मुद्दाम मागच्या अंगणात गेले. ते तिचं होतं, माझं नव्हतं. आत आले तेव्हा तू बसल्या जागी झोपला होतास, आणि इतक्या उकाड्यात कुडकुडत होतास. बानूबाईनं पेटीतून ती लाल रजई काढली आणि तुझ्या अंगावर घातली. मी तिचा हात धरायला गेले, लग्नाची आहे ती, म्हणाले. तिनं माझा हात बाजूला सारला. रजई तुझ्या गळ्यापर्यंत ओढली आणि कडा आत खोचल्या. रामला लहानपणी खोचायची तशा.

ती तात्यांना भाकरी वाढायला गेली आणि मी तुझ्या उशाशी बसले. तुझी छाती वर-खाली होत होती. रजईचे टाके तिच्याबरोबर वर-खाली होत होते, एक ओळ माझी, एक तिची. मी ते बघत राहिले आणि पुन्हा तोच शब्द तोंडातून निघाला, शुकर. पुटपुटले फक्त, ओठातल्या ओठात. बानूबाई दारात परत आली आहे हे मला माहीत नव्हतं.

ती आत आली आणि माझ्याजवळ खाली बसली. समोर कोनाड्यात रामचा कलश ठेवलेला होता. तिनं त्याच्याकडे बघितलं, मग तुझ्याकडे.

"मोठ्यानं म्हन की, सुरैय्या," ती म्हणाली. "एकीचं तरी आलंय."

मला म्हणता आलं नाही, दानिश. मग तीच म्हणाली. तिला तो शब्द नीट येत नाही, तरी कोनाड्याकडे तोंड करून, मोठ्यानं म्हणाली.

अम्मी